सप्तमीला पेटवलेली चूल

ऐका आता, आणि ती पांघरुणाची ओढाओढ बंद करा. राजा होता एक. फार मोठा नव्हे हं, आपला बेताचाच. गच्चीवर उभं राहिलं की सगळं राज्य डोळ्यांत मावायचं. नाव त्याचं भुजंगराजा, आणि राणी त्याची सगुणा. राजा माणूस म्हणून वाईट नव्हता. कुणाला छळायचा नाही, उगाच लढाया उकरून काढायचा नाही, दारी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवायचा नाही. पण खोड एक होती, आणि त्या एका खोडीपायी सगुणाराणीचं डोकं उठलं होतं. राजाला शिळं चालायचं नाही.

शिळं म्हणजे कालचं म्हणाल, तर तसं नाही. सकाळचं दुपारी शिळं. दुपारचं दिवेलागणीला शिळं. पोळी तव्यावरून ताटात येईस्तोवर जरा वेळ लागला, तर तो ती उलटीपालटी करून बघायचा आणि बाजूला सारायचा. आणि उरलेलं? टाका. रोज परसात हंडाभर अन्न पडायचं. राजवाड्यातले कावळेसुद्धा माजले होते. तूपभात तेवढा टिपायचे आणि भाकरीकडे ढुंकून बघायचे नाहीत.

राणीचा जीव तुटायचा. तिचं माहेर साधंसुधं. ताटात चार शितं उरली तर तिची आई काही बोलायची नाही, नुसती बघायची. ते बघणं पुरायचं. अशा घरातली मुलगी, ती हे रोजच्या रोज कसं सोसेल? मग तिने युक्ती केली.

पहिल्यांदा तिने सकाळच्या भाताला फोडणी दिली. मोहरी, हिंग, हळद, मूठभर शेंगदाणे, वरून कोथिंबीर. राजाने दोनदा मागून घेतला. मग विचारलं, "हा भात कधीचा गं?" राणीला खोटं बोलता येत नसे. म्हणाली, "सकाळचाच." झालं. राजाने ताट सारलं आणि पोटात दुखतंय म्हणून आडवा झाला. मग दुसऱ्यांदा तिने उरलेल्या वरणात आमसूल आणि गुळाचा खडा टाकला, कणकेची फळं करून सोडली, वर तूप घातलं. राजाने वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि विचारलं, "वरण कधीचं?" पुन्हा तेच, पुन्हा पोटदुखी. तिसऱ्यांदा कालची मेथीची भाजी पिठात मळून तिने खमंग थालीपीठ लावलं. राजाने ते खाल्लं, वा वा म्हटलं, बोटं चाटली आणि मग विचारलं. आधी विचारलं असतं तर राणीला एवढा राग आला नसता, बरं का. पोट भरल्यावर विचारायचं आणि मग तोंड वाकडं करायचं, याला काय म्हणावं?

राणी चुलीपुढे बसून म्हणायची, "चूलबाई, तूच बघ गं हे." आणि चूल बघत होती. मातीची, जुनी, राणीच्या सासूच्या सासूने घातलेली चूल. तिच्या अंगालाच लागून एक वैल होता. वैल म्हणजे माहीत आहे ना? मोठ्या चुलीच्या शेजारची छोटी चूल. मोठीचा जाळ तिच्यात जातो आणि त्यावर दूध, आमटी असलं काही गरम राहतं. आईच्या आडोशाला लेकरू बसावं तसा तो वैल बसलेला असायचा.

आता राजाराणीला एकच मुलगी होती. मैना तिचं नाव. ती लग्न होऊन लांबच्या गावी गेली होती, आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तेव्हा गौरी उठल्या की मैनेला आणायचं, असं ठरलं होतं. राणीने डिंक आणून ठेवला, जुनी मऊ लुगडी धुऊन घडी करून ठेवली, आळीव निवडून ठेवले. उठता बसता तिच्या तोंडात एकच, माझी मैना येणार. सासरी गेल्यापासून पोर धड चार दिवस आईजवळ राहिली नव्हती. राणीचे डोळे वाटेकडे लागले होते.

मग काय झालं, श्रावणातली सप्तमी आली. तिला शिळासप्तमी म्हणतात. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं आणि सप्तमीला ते थंडच खायचं. चुलीला सारवायचं, हळदकुंकू लावायचं, आणि म्हणायचं, बाई, वर्षभर जळतेस, आजचा दिवस गार रहा. सगुणाराणीने तसंच केलं. घारगे केले, मटकीची उसळ केली, दहीभात कालवून ठेवला. चूल सारवली. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं की आज इकडे काडी ओढायची नाही.

राजा जेवायला बसला. ताटाला हात लावून बघितला. "हे गार आहे," म्हणाला. राणी म्हणाली, "अहो, आज सप्तमी." राजा म्हणाला, "सप्तमी असेल, पण मला भूक आहे. गरम वरणभात कर." राणीने हात जोडले. एक दिवस, म्हणाली, एकच दिवस. स्वयंपाकिणी तर भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, एकही पुढे होईना. मग राजा उठला, देवघरातल्या समईवर काकडा पेटवला आणि स्वतःच्या हाताने त्या सारवलेल्या, हळदकुंकू लावलेल्या चुलीत सारला. राजाची आज्ञा म्हणून भात झाला, वरण झालं. आणि राजाने खाल्ले किती? दोन घास. तेवढ्यात त्याची भूक मेली. म्हणाला, "बाकीचं टाकून द्या. उद्यापर्यंत शिळं होईल."

तेव्हा चूल उठली.

खरंच उठली. आधी तिच्यातला जाळ विझला. मग ती जमिनीपासून सुटली, अंगाला लागलेला वैल उचलून कडेवर घेतला आणि राख झटकली. राणीकडे वळून म्हणाली, "सगुणे, मला जळायचा कंटाळा नाही. जळण्यासाठीच माझा जन्म. पण मी जळून रांधायचं आणि याने ते उकिरड्यावर टाकायचं, वर माझा वर्षातला एक दिवससुद्धा मला ठेवायचा नाही. मी चालले."

राणी म्हणाली, "मग मलाही घेऊन चल. मीसुद्धा कंटाळले आहे."

चूल म्हणाली, "तुझं तू बघ, बाई." आणि डुलत डुलत परसदाराने निघून गेली. राजाला वाटलं, गेली तर गेली, चुलीला काय तोटा?

तोटा काय ते दुसऱ्याच दिवशी कळलं. राणीने वारुळाची माती आणली, तीत भुसा तुडवला आणि नवी चूल घातली. ती धुमसायची, धुराने सगळ्यांचे डोळे लाल व्हायचे, पण जाळ काही धरायची नाही. मग राणीने नदीवरून तीन धोंडे आणून मांडले. जाळ लागला. पण वर डाळ ठेवली की एक धोंडा इकडे गडगडत जायचा, दुसरा तिकडे, आणि डाळ राखेत. मग तिसऱ्यांदा तिने प्रधानाच्या घरून फुललेली शेगडी मागवली. गडी ती घेऊन धावत आला, उंबऱ्यापर्यंत निखारे लालभडक होते, आणि उंबरा ओलांडला की काळे ठिक्कर. बाहेरून शिजवून आणलेल्या अन्नाचंही तेच. वाफाळता भात आत आला की गारठायचा. राजा त्याला हात लावायचा नाही. तो केळी खायचा. सकाळी केळी, दुपारी केळी. इतकी केळी खाल्ली की केळीवाल्याला बघून तोंड फिरवायला लागला. पण शिळं खाईन म्हणेल तर शपथ.

आणि मग मैनेच्या सासरहून माणूस आला. विहीणबाईंचा निरोप होता. "तुमच्या घरात चूल टिकत नाही, असं कानावर आलं. बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला पाणी कशावर तापवणार? शेक कशाचा देणार? तेव्हा आमची सून आम्ही पाठवत नाही. गैरसमज नसावा." वाईट बोलल्या का त्या? नाही हो, बरोबरच बोलल्या. म्हणून तर राणीला जास्त लागलं. ती त्या धुतलेल्या लुगड्यांच्या घडीवर डोकं ठेवून रडली. मग तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि घराबाहेर पडली. रडून चूल परत येत नसते.

चूल गेली त्या वाटेवर राखेची बारीक रेघ पडलेली होती. राणी तिच्या मागोमाग गेली. शेत ओलांडलं, ओढा ओलांडला, आणि उजाड माळावर एका झोपडीपाशी रेघ संपली. तिथे बायजा नावाची बाई राहायची. घरात खाणारी तोंडं ढीगभर, डब्यात पीठ मूठभर. बायजाच्या अंगणात राणीची चूल ऐसपैस बसली होती आणि मंद जळत होती. वैल शेजारी. बायजा दोडकी चिरत होती. दोडक्याच्या शिरा तिने बाजूला काढल्या. राणीला वाटलं, टाकणार. पण बायजाने त्या तव्यावर तीळ-मिरचीबरोबर परतून चटणी केली. ताक आंबट झालं होतं, त्याची कढी केली. ताक घुसळलेलं भांडं धुतलं ते पाणी शेळीला दिलं. बायजाच्या घरात शिळं असं काही नव्हतंच, नुसतं अजून खायचं राहिलेलं होतं.

बायजा घाबरली. "राणीसाहेब, म्या न्हाई आणली हिला," म्हणाली. "माझी चूल पावसानं खचली व्हती. ही आपसूक आली न् बसली."

राणीने चुलीपुढे पदर पसरला. मैनेचं सगळं सांगितलं. चूल ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ज्याने मला सप्तमीला पेटवलं त्याने न्यायला यायचं. त्याने माझ्यावर स्वतः रांधायचं, आणि बायजाच्या घरात कालचं उरलंय त्याचंच रांधायचं. तू शेजारी बसायचंस, पण बोलायचं नाहीस. एक शब्दही नाही."

राणी म्हणाली, "बोलू नको? त्याला फोडणी कशाशी खातात ते ठाऊक नाही." चूल म्हणाली, "म्हणूनच सांगतेय."

मग राणी घरी गेली आणि राजापुढे उभी राहिली. इतक्या वर्षांत ती कधी आवाज चढवून बोलली नव्हती. आज बोलली. "माझी लेक येत नाही. तुमच्या दोन घासांपायी येत नाही. उठा." राजाचा मैनेवर भारी जीव. तो उठला. पालखी मागवू लागला तर राणी म्हणाली, "पायी." मग तो पायी निघाला.

आता राजा चुलीपुढे बसला. बायजाने पुढ्यात काय ठेवलं? कालच्या ज्वारीच्या भाकरी, वाळून टणक झालेल्या. वाडगाभर ताक. एक कांदा. बस. राणी शेजारी बसली, ओठ घट्ट मिटून.

खिदळू नका, पुढे ऐका. राजाने तेल ओतलं आणि गार तेलातच मोहरी टाकली. मोहरी आपली गप्प पडून राहिली. राणीचा हात कढईकडे गेला, तिने तो मागे घेतला. बोलायचं नाही. राजा वाट बघत बसला. मग एकदम तेल धुमसलं, त्याने घाबरून मिरची टाकली, आणि असा ठसका उठला की बायजाची पोरं खोकत खोकत माळावर पळाली. सगळं जळून कोळसा झालं. बायजाने तो कढईतून खरवडला, खरकट्याच्या पाण्यात मिसळून म्हशीपुढे ठेवला, आणि दुसऱ्या भाकरी आणून दिल्या. ठेवल्या त्या जरा आपटूनच.

दुसऱ्यांदा राजाने अख्ख्या भाकरी पाण्यात घालून उकळल्या. त्याची झाली खळ. कापडाला लावतात ना, तसली. राणीने पदराचं टोक दातात धरलं. तिला वाटत होतं, आपण आता फुटणार. कुस्कर, भल्या माणसा, कुस्कर. हाताने कुस्करायची असते भाकरी, एवढं साधं कसं कळत नाही? पण मैना डोळ्यांपुढे आणली आणि गप्प बसली. ती खळ कोंबड्यांनी खाल्ली.

तिसऱ्यांदा मात्र राजा थांबला. धुराने डोळे सुजले होते, फुंकून फुंकून गाल दुखत होते, बोटाला चटका बसला होता. त्याने भाकरी हातात घेतली आणि पहिल्यांदाच नीट बघितली. तुकडा मोडला. मग बारीक मोडला. मग सगळ्याच भाकरी कुस्करल्या, ताक शिंपडून मऊ व्हायला ठेवल्या आणि तोवर कांदा चिरत बसला. तेल तापलं की नाही हे त्याने आधी एक मोहरी टाकून पाहिलं. ती तडतडली तेव्हा बाकीच्या टाकल्या. कांदा परतला, हळद तिखट घातलं, कुस्करा घातला, वर झाकण ठेवलं आणि ते झाकण सारखं उघडून बघत राहिला. बायको बाळंत होत असताना नवरा दाराशी घिरट्या घालतो तसा. मग वाफ आली. खमंग वास माळभर गेला आणि पळालेली पोरं परत आली.

राजाने स्वतः वाढलं. बायजाच्या पोरांना, बायजाला, राणीला, मग आपल्याला. मीठ कमी होतं. कांदा एका बाजूला करपला होता. राणीला ते पहिल्या घासाला कळलं, पण बोलायचं नव्हतं. आणि राजा खात होता. केळीशिवाय इतके दिवस काही पोटात नव्हतं, हेही खरं. पण तो नुसता खात नव्हता, एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, आवडलं का, आवडलं का. राणी मान हलवून हो म्हणाली. आणि चूल? ती जागची हलेना.

राणीचा धीर सुटला. सगळं सांगितल्याप्रमाणे झालं, मग ही उठत का नाही? आता आणखी काय राहिलं? तिने वैतागून कढई ओढली. तळाशी घासभर कुस्करा उरला होता. कढई घासायची म्हणून ती तो काढून कोंबड्यांना टाकायला निघाली. तोच राजाने कढई धरली.

"टाकू नकोस," तो म्हणाला. "मी केलंय ते. झाकून ठेव, उद्या सकाळी खाईन."

हे त्याच्या तोंडून गेलं मात्र, आणि चूल उठली. राजाला कळेचना की बायजा तोंडाला पदर लावून का हसतेय आणि राणी हसता हसता डोळे का पुसतेय. तो आपला कढई पोटाशी धरून उभा. चुलीने जाताना वैल मात्र तिथेच ठेवला. म्हणाली, बायजाच्या घरी वाढेल चांगला. आणि वाढला बरं का. वर्षभरात त्याची अशी धट्टीकट्टी चूल झाली की तिच्यावर गावजेवणाचा भात शिजावा.

चूल राजवाड्यात आपल्या जागी बसली. त्याच घटकेला जाळ धरला. त्याच दिवशी विहीणबाईंकडे निरोप गेला, आणि गौरी उठल्या तशी मैना आली, पोट सांभाळत, हळूहळू पायऱ्या चढत. राणीने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि तिला पोटाशी धरलं ती सोडेचना. मग यथावकाश मैनेला मुलगी झाली. आजोळी रोज हंडाभर पाणी तापायचं, शेगडीवर शेक व्हायचा, आळिवाची खीर व्हायची.

आता राणीला सुख लागलं असेल, असं वाटतं ना तुम्हाला? कुठलं आलंय. राजाला आता स्वयंपाकघर सुटेना. घासभर आमटी उरली तरी वाटीखाली झाकून ठेवायचा. भात मुद्दाम जास्त लावायला सांगायचा, उद्या फोडणीला हवा म्हणून. ताज्या पोळीला नाक मुरडायचा, ही अजून कुस्करण्याजोगी झाली नाही म्हणून. एकदा तर तो कालचा कुस्करा बाळंतिणीच्या खोलीत घेऊन निघाला, पोरीला चव तर बघू दे म्हणाला. राणी फुंकणी घेऊन दारात उभी राहिली. "बाळंतिणीला ताजंच लागतं," ती म्हणाली. "एक पाऊल पुढे टाकाल तर बघा." राजा म्हणाला, "अगं, पण मीठ बरोबर पडलंय आज." आतून मैना हसली, तिच्या कुशीतलं बाळ दचकून जागं झालं आणि टाहो फोडून रडायला लागलं. सगुणाराणीने कपाळाला हात लावला. घर लेकीच्या हसण्याने आणि नातीच्या रडण्याने भरून गेलं होतं, चूल पेटलेली होती, आणि डोकं दुखत होतं. तिला त्याहून जास्त काही नको होतं.

पुढच्या सप्तमीला चूल गार राहिली, बायजा पोरांसकट जेवायला आली, आणि सगळ्यांनी पोटभर थंड खाल्लं. त्यांची पोटं भरली तशी तुमची भरोत. ते सुखात राहिले, तुम्हीही राहा. आणि आता डोळे मिटा बघू. नाही, पाणी नको, मघाशीच प्यालात. मिटा म्हटलं ना.